बिऱ्हाड हलवण्याआधी

गेल्या आषाढातली गोष्ट. रात्रीचे दहा वाजत आले होते आणि पांढुर्ण्याहून दादाचा फोन आला. माहेर लांब असलेल्या बाईला रात्री दहाचा फोन म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. "आई बरी आहे ना?" हेच पहिलं तोंडातून निघालं. दादा म्हणाला, "आई बरी हाये. तुले एक इचारायचं होतं. तू एवढ्या वर्षांची शहरात राहून राहिली. सांग, आमी का करावं? नागपूरले बिऱ्हाड न्यावं, छिंदवाड्याले न्यावं, का इथंच राहावं?"

मी क्षणभरही थांबले नाही. "नागपूरला जा," म्हणाले.

त्या उत्तराचा हिशेब मला पुढं सहा-सात महिने द्यावा लागला. तोच आज तुमच्यापुढं मांडते आहे, कारण आपल्या भागातल्या बऱ्याच घरांत हा प्रश्न रोज जेवणाच्या पंगतीला येऊन बसतो. खानापूरचं घर बेळगावला न्यायचं का, निपाणीचं कोल्हापूरला न्यायचं का, अथणीचं सांगलीला की विजापूरला? गावं वेगळी, हिशेब तोच.

पांढुर्णा म्हटलं की इकडं हमखास विचारतात, "विदर्भात ना?" विदर्भाला लागून आहे, पण आहे मध्य प्रदेशात. घरात मराठी, बाजारात मराठी आणि हिंदी, शाळेत आणि कचेरीत हिंदी, आजूबाजूच्या पाड्यांवर गोंडी. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, हे आपल्याला पाठ आहे. त्याच दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा, आमच्या पांढुर्णा-सौंसरसकट, मध्य प्रदेशात राहिला. तोपर्यंत त्या राज्याची राजधानी नागपूर होती, आमच्या घरापासून शंभरेक किलोमीटरवर. एका दिवसात राजधानी भोपाळ झाली, जवळजवळ तिप्पट लांब, आणि हायकोर्ट जबलपूरला गेलं. मी बेळगावला सून म्हणून आले तेव्हा सासरे हसून म्हणाले होते, "म्हणजे तू बी सीमाभागातलीच की!"

लग्नाचा बस्ता, डोळ्यांचं ऑपरेशन, बगीच्याची औषधं, पोरांचे क्लास, आमचं सगळं नागपूरला. जमिनीचा खसरा आणि दाखले मात्र छिंदवाड्याला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला आणि कलेक्टर कचेरी गावात आली. चिक्कोडी-गोकाकच्या वेगळ्या जिल्ह्यांच्या गोष्टी वर्षानुवर्षं ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचं महत्त्व कळेल. एका सहीसाठी अख्खा दिवस घालवणं थांबलं. पण दादाच्या प्रश्नाला कचेरी पुरेशी नव्हती. भाचा नववीत, त्याला डॉक्टर व्हायचं आहे. आईचे गुडघे गेलेले. आणि वर्गातल्या दोन-तीन मुलांची घरं आधीच नागपूरला गेलेली. शेजारचं घर बंद दिसलं की आपल्यालाही वाटायला लागतं, आपणच मागं राहिलो.

मी "जा" म्हणाले ते स्वतःच्या अनुभवावरून. आमचे हे बँकेत. त्यांची बदली सौंसरला होती तेव्हा आमचं लग्न जमलं आणि दोन वर्षांनी आम्ही बेळगावला आलो. बेळगाव मला आवडलं ते त्याच्या आकारामुळं. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती पाच लाखांना थोडी कमी होती, पांढुर्ण्याची पंचेचाळीस हजारांच्या आसपास. इथं मोठं हॉस्पिटल आहे, पण तिथं जायला अर्धा दिवस मोडत नाही. मराठी, कन्नड, इंग्रजी, हव्या त्या माध्यमाची शाळा आहे. गाण्याचा क्लास, वाचनालय, नाटक, सगळं रिक्षानं जाण्याच्या अंतरावर. पुण्यासारखं धावायला नको आणि खेड्यासारखं अडायला नको. मधलं शहर. माझ्या डोक्यात हे चित्र पक्कं होतं आणि तेच मी फोनवरून दादाच्या गळ्यात घातलं.

नागपूर मधलं शहर नाही, त्याच जनगणनेत त्याची वस्ती चोवीस लाखांवर होती, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. पण त्याहून मोठी चूक मला पुढं कळली.

पोळ्याला मी माहेरी गेले. मिरजेहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं नागपूर आणि तिथून भोपाळच्या बाजूच्या गाडीनं पांढुर्णा. आपल्याकडं बैलांचा सण ज्येष्ठात, कार हुण्णिमेला होऊन गेलेला असतो. तिकडं पोळा श्रावणातल्या अमावास्येला. तिथल्या भिंतीवरचं हिंदी पंचांग त्याच अमावास्येला भाद्रपदातली म्हणतं. बैल एकच, दिवस एकच, महिने दोन. सीमेवरच्या घराला असल्या गोष्टींचं नवल वाटत नाही.

दादानं एक कागद काढून माझ्यापुढं ठेवला. वहीचं पान, त्यावर तीन रकाने. नागपूर, छिंदवाडा, पांढुर्णा. प्रत्येकाखाली फायदे आणि तोटे.

नागपूरच्या फायद्यांत क्लास, मोठे दवाखाने, मराठी. 'मराठी' या शब्दाखाली दोन रेघा ओढलेल्या. तोट्यांत घरभाडं आणि त्याचं अप-डाऊन. हा शब्द तिकडं फार चालतो. रोज गाडीनं किंवा बसनं कामाला जाऊन रात्री परत येणारा माणूस म्हणजे 'अप-डाऊनवाला'. दादाचं कृषी केंद्राचं दुकान पांढुर्ण्याला, बगीचा तिथून पुढं. बिऱ्हाड नागपूरला नेलं तर रोजचे चार-पाच तास रस्त्यावर जाणार.

छिंदवाड्याच्या फायद्यांत राज्य बदलत नाही, भाडं कमी, २०१९ पासून तिथं सरकारी मेडिकल कॉलेज आहे. सौंसरवरून जाणारी छोटी लाइन २०१५ मध्ये बंद झाली होती, तिच्या जागी आता मोठी लाइन झाली आहे. तोटा एकच लिहिलेला, 'आपले लोक नाही'.

पांढुर्ण्याच्या फायद्यांत स्वतःचं घर, दुकान, बगीचा. तोट्यांत 'पोराचं भविष्य'.

खाली दादाचा बेत होता. चार एकरांतला एक एकर बगीचा विकायचा आणि नागपूरला फ्लॅट घ्यायचा. भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा घर होईल, हा त्याचा विचार. मला तोही पटला. आई कोपऱ्यात वाती वळत बसली होती. ती एवढंच म्हणाली, "मले कायले नेता तिकडे? माह्या दारातल्या झाडाले पाणी कोण घालीन?" आम्ही दोघं हसलो. आईबापांचं असलं बोलणं आपण झाडापुरतंच ऐकतो.

दुसऱ्या दिवशी गोटमार. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. मधोमध पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि दोन्ही काठांवरून दगड चालतात. शेकडो लोक जखमी होतात, माणसं गेलेली आहेत, तरी थांबत नाही. त्यामागं एक गोष्ट सांगतात. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत होता आणि दोन्ही गावांनी दगड उचलले. आम्ही बायका त्या दिवशी दारं लावून आत बसतो. भाचीनं आजीला विचारलं, "आजी, त्या मुलीचं काय म्हणणं होतं?" आई म्हणाली, "ते कोणी सांगत नाही बाई."

तेव्हा वहिनी तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "ताई, एक सांगतो. या कागदाचं मले कोणी इचारलंच नाही."

मी गप्प झाले. खरंच, दादानं मला बेळगावात फोन करून विचारलं होतं. आईला विचारलं नाही तरी ती बोलली होती. ज्या बाईला ते बिऱ्हाड उचलून न्यायचं आणि पुन्हा मांडायचं होतं, तिला कुणीच विचारलं नव्हतं. तिचं माहेर काटोल, म्हणजे महाराष्ट्र. मी धरूनच चाललं होतं की नागपूरला जायचं म्हटल्यावर तिला आनंदच होणार.

वहिनी उठली आणि कपाटातून एक फाईल घेऊन आली. तिच्या लग्नाआधीचं डी.एड.चं सर्टिफिकेट त्यात पहिलं होतं. मराठी माध्यमाची शिक्षिका होण्यासाठी शिकलेली मुलगी लग्न करून चाळीस-पन्नास किलोमीटर इकडं आली आणि शाळा हिंदी झाली. ते सर्टिफिकेट तेव्हापासून फाईलीत आहे. "एकदा सीमा वलांडली, तवा माही नोकरी गेली," ती म्हणाली. "आता पोरं वलांडतीन, तर त्याहिचं का जाईन, ते पाहा ना आधी."

मग आम्ही दोघी कागद काढून बसलो. वाचकहो, बिऱ्हाड राज्याबाहेर न्यायचं असेल तर हे काम ट्रक ठरवण्याच्या आधी करा.

पहिलं शिक्षण. महाराष्ट्रात वैद्यकीयच्या राज्याच्या वाट्याच्या जागांसाठी अधिवास लागतो, आणि काही अपवाद सोडले तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. मध्य प्रदेशच्या वाट्याच्या जागांसाठी तिथला मूलनिवासी दाखला लागतो. आपल्याकडं कर्नाटकात सीईटीसाठी सात वर्षं राज्यात शिकल्याची अट असते, ती आपल्या घरांना चांगली ठाऊक आहे. शिवाय महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांना तिकडं काही सवलती आहेत. पांढुर्ण्याला असली सवलत नाही, कारण त्या गावांवर कुणाचा दावाच नाही. म्हणजे दहावीच्या तोंडावर भाच्याला नागपूरला नेलं, तर शाळा बदलेल, बोर्ड बदलेल, हिंदी माध्यम सुटेल, आणि अधिवासासाठी कित्येक वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा कुठून आणायचा? इकडचा हक्क सैल होणार आणि तिकडचा हाती लागेलच असं नाही. ज्या मुलासाठी एवढा खटाटोप, त्याचंच नुकसान व्हायची शक्यता.

दुसरं आरक्षण. जातीचा दाखला राज्याला बांधलेला असतो. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं आंध्रातून मुंबईला आलेल्या एका कुटुंबातल्या मुलाचं प्रकरण आलं होतं. आंध्रात त्यांची जमात अनुसूचित यादीत होती आणि त्याला महाराष्ट्रात वैद्यकीयला प्रवेश हवा होता. दुसऱ्या राज्यात राहायला गेलं की मूळ राज्यातलं ते आरक्षण सोबत येत नाही, असा निकाल लागला. ओबीसींच्या याद्याही राज्यागणिक वेगळ्या. ज्यांना लागू आहे त्यांनी हा मुद्दा पहिला बघावा.

तिसरं सरकारी योजना. वहिनीच्या खात्यात २०२३ पासून मध्य प्रदेशच्या लाडली बहनाचे पैसे येतात. महाराष्ट्राची लाडकी बहीण २०२४ मध्ये सुरू झाली, पण ती महाराष्ट्रात राहणाऱ्या बाईसाठी. आपल्याकडं २०२३ पासून गृहलक्ष्मी. तीन राज्यांच्या तीन बहिणी, आणि तिघींच्या अटी ज्या त्या राज्यापुरत्या. उलट आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातल्या योजनेतल्या हॉस्पिटलात चालतं, आणि रेशनही आता देशात कुठंही उचलता येतं. कुठला कागद सीमा ओलांडतो आणि कुठला ओलांडत नाही, याची अशी दोन रकान्यांची यादी आम्ही केली. ती दादाच्या तीन शहरांच्या यादीपेक्षा जास्त कामाला आली.

नंतर बगीचा. संत्र्याचं कलम लावलं की फळ धरायला पाच-एक वर्षं जातात. आंबिया बहाराला थंडीत झाडाला ताण द्यायचा आणि वेळेवर पाणी सोडून तो तोडायचा. चार दिवस इकडंतिकडं झाले तर फुलं कमी येतात. कोळशी आली, डिंक्या लागला, फळगळ सुरू झाली, तर मालकाचा डोळा लागतो. मालक रोज फिरत नसेल तर बगीचा झाडावरच व्यापाऱ्याला द्यावा लागतो, आणि दूर राहणाऱ्या मालकाला व्यापारी किती भाव देईल, ते सांगायला अर्थतज्ज्ञ नको. विकलेला फ्लॅट पुन्हा घेता येतो. फळावर आलेला एक एकर विकला तर तसाच पुन्हा उभा करायला पैसा लागतोच, वर पाच वर्षं लागतात.

हे सगळं दादाला सांगितलं तेव्हा तो चिडला. "म्हणजे आमी जलमभर इथंच बसाचं? तू निघून गेली, तवा चाललं!"

त्याचं खरं होतं. आणि इथं मला माझी मोठी चूक कळली. मी दादाला बेळगावचे फायदे सांगितले होते, पण पहिल्या तीन वर्षांचं काहीच सांगितलं नव्हतं. आमच्या घरात सासऱ्यांची मराठी आणि सासूबाईंची कन्नड. गल्लीतल्या बायका दारातून विचारायच्या, "ऊट आतेन्री?" आणि मी नुसती हसायची, कारण जेवण झालं का एवढंच त्या विचारताहेत हेही मला कळत नव्हतं. मी घरात बडबडी, तिथं मुकी झाले. पांढुर्ण्यात मी आत्या होते आणि इथं सासूबाईंना 'अत्ती' म्हणायचं होतं. कन्नडमध्ये आत्या आणि सासू दोघींना एकच शब्द, हे कळल्यावर मला पहिल्यांदा तिथं थोडं घरच्यासारखं वाटलं. सासूबाईंनी मला हाताला धरून भाजीबाजारात नेलं, दुकानदारांना ओळख करून दिली, शब्द शिकवले. माझं बिऱ्हाड बेळगावात रुजलं ते शहराच्या आकारामुळं नाही, त्या बाईमुळं. दादाच्या घरासाठी नागपूरला असं कुणी नव्हतं.

दुसरीही एक गोष्ट सांगायची राहिली होती. मधल्या शहराचा एक तोटा फायद्यांच्या यादीत कधी दिसत नाही. ते मुलांना बारावीपर्यंत, फार तर पदवीपर्यंत धरून ठेवतं. त्यानंतर आमच्या गल्लीतली बहुतेक मुलं बेंगळूरला नाही तर पुण्याला गेली. आमचा मुलगाही गेला. ज्याच्यासाठी शहर गाठावं तो पुढच्या शहरात जातो आणि आईबाप मधल्या थांब्यावर उतरून राहतात. याचा अर्थ जाऊ नये असा नाही. पण सगळं विकून जायचं असेल तर 'मुलासाठी' एवढंच कारण पुरत नाही. त्या शहरात आपल्यालाही काहीतरी हवं असलं पाहिजे.

त्या रात्री वहिनीनं दादाचा कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला पाच रकाने आखले. वर शहरांची नावं नाहीत, माणसांची. आई, दादा, ती स्वतः, मुलगा, मुलगी. कुणाला काय मिळेल, कुणाचं काय जाईल, आणि गेलेलं परत येईल का.

कागद भरल्यावर आम्ही सगळेच चमकलो. भाच्यासाठी नागपूरला उशीर झाला होता. त्यानं बारावीपर्यंत इथंच राहणं आणि क्लाससाठी सुट्टीत नागपूरला जाऊन राहणं बरं. दादाचं नागपूरला सगळंच जाणार होतं, मिळणार काहीच नव्हतं. पण भाची सहावीत होती. तिच्या रकान्यात दहावीपर्यंतची चार वर्षं मोकळी होती. तिला न्यायचं तर वेळ होता, आणि आजवर तिचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. वहिनीच्या स्वतःच्या रकान्यात तिनं एकच शब्द लिहिला, 'शाळा'. म्हणजे शिकवायचं. ती नागपूरला 'नको' म्हणत नव्हती, ते मी तेव्हा समजले. तिला जायचं होतं, पण मुलाच्या नावावर नाही, स्वतःच्या नावावर.

मी तेव्हा एवढाच सल्ला दिला, आणि तो मात्र विचार करून दिला. काही विकू नका. आधी तीन महिने राहून बघा.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नागपूरला करायचंच होतं. मार्गशीर्षात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, सामान जेमतेम. आई आणि वहिनी तिथं, मुलांजवळ काटोलहून वहिनीची आई येऊन राहिली. शनिवारी रात्री दादा मुलांना घेऊन यायचा आणि सोमवारी पहाटे परत. पौषात बगीच्याचा ताण तोडायची वेळ आली तसं त्याचं येणं पंधरा दिवसांवर गेलं. भाचा दोन रविवार क्लासला जाऊन आला. त्याला क्लास आवडला, शहर आवडलं नाही. भाचीला दोन्ही आवडलं. वहिनीकडं खालच्या मजल्यावरची तीन मुलं मराठी शिकायला येऊ लागली, महिन्याभरात सात झाली. इतक्या वर्षांनी पुन्हा कुणीतरी तिला 'टीचर' म्हणालं. फोनवर हे सांगताना तिचा आवाज मला वेगळाच लागला.

आईचा गुडघा चांगला झाला. फिजिओथेरपीची बाई घरी यायची, दवाखाना जवळ. पांढुर्ण्यात हे इतकं नीट झालं नसतं, हे आईही मान्य करते. माघात एकदा मी तिला विचारलं, "मग, आवडलं का नागपूर? सगळे मराठी बोलतात ना तिथं?"

आई जरा थांबली. म्हणाली, "बोलते तं सारेच मराठी. पण मले कोणी वळखत नाही."

दादानं 'मराठी' शब्दाखाली दोन रेघा ओढल्या होत्या. आपण सीमाभागातली माणसं भाषेला फार जपतो, जपायलाच हवं, कारण आपल्याला ती फुकट मिळालेली नाही. पण त्या भरात आपण समजतो की भाषा आपली तर गाव आपलं. पांढुर्ण्यात कचेरीतला कारकून आईशी हिंदीत बोलतो, पण ती कुणाची कोण हे त्याला माहीत असतं. नागपूरचा भाजीवाला तिच्याशी तिच्याच बोलीत बोलायचा, आणि ती त्याला दुसऱ्या दिवशीही नवीनच असायची. बेळगावात माझं उलटं झालं. भाषा परकी होती, पण गल्लीनं मला पहिल्या आठवड्यापासून ओळखलं. माणूस म्हातारा झाला की त्याला भाषेइतकीच ही ओळख लागते, आणि ती कुठल्याही ट्रकमध्ये भरता येत नाही.

होळीच्या आधी आई पांढुर्ण्याला परतली. बगीचा फुलांवर होता. तीन महिन्यांचं भाडं गेलं, पण एक एकर राहिला. भाचा दहावी पांढुर्ण्यालाच करणार आहे. वहिनी आणि भाचीचा निर्णय अजून झालेला नाही. काटोलच्या मावशीकडं राहायचं, का नागपूरला दोघींपुरतं छोटं बिऱ्हाड करायचं, यावर घरात वाद चालू आहेत. पण आता ते वहिनीच्या समोर चालतात, आणि सगळ्यात जास्त तीच बोलते. दादा मला परवा म्हणाला, "तू त्या रात्री लवकर उत्तर दिलं बाई." मी म्हटलं, "हो रे दादा, चुकलं."

तुमच्याही घरी असा कागद निघाला असेल, तर त्याच्या मागच्या बाजूला घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा. लहान मुलगी आणि म्हातारी आई, दोघींचीही. आणि पेन बिऱ्हाड उचलणाऱ्या बाईच्या हातात द्या.